जुना अमेरिकी घडीचा चाकू: घ्यायचा कसा, ओळखायचा कसा, जपायचा कसा

पेन्सिल्व्हेनियातल्या एका छोट्या गावात 'इस्टेट सेल' होता. घरातलं म्हातारं माणूस गेलं की इकडे पडद्यांपासून पातेल्यांपर्यंत सगळ्यावर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवतात आणि दार सताड उघडं ठेवतात. स्वयंपाकघरातल्या एका खणात दोऱ्याची रिळं, मेलेल्या बॅटऱ्या, कसल्याशा किल्ल्या, आणि तळाला एक काळपट घडीचा चाकू. किंमत पाच डॉलर. मी तो घरी आणला आणि उत्साहाच्या भरात बफिंगच्या चाकावर धरून आरशासारखा लखलखीत केला. महिन्याभराने हा छंद मुरलेल्या एका गृहस्थांना मोठ्या कौतुकाने दाखवला. त्यांनी भिंगातून दोन मिनिटं पाहिलं, चाकू मिटून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "हा १९४० च्या आधीचा केस टेस्टेड होता." 'होता' हा शब्द त्यांनी सावकाश उच्चारला. केस ही चाकू बनवणारी जुनी अमेरिकी कंपनी, आणि 'टेस्टेड' हा तिच्या जुन्या शिक्क्यातला शब्द. ज्या शिक्क्यावरून वर्ष ठरतं, तो मी चाकावर निम्मा पुसून टाकला होता.

तेव्हापासून मी चाकू कमी घेतो आणि जास्त वेळ बघतो. नव्याने सुरुवात करणाऱ्याला मला एवढंच सांगायचं आहे, की विकणाऱ्याची गोष्ट ऐकायची जरूर, पण विश्वास ठेवायचा तो पात्यावरच्या शिक्क्यावर, मुठीवर आणि झिजेवर. ही तिन्ही कशी वाचायची, ते आता क्रमाने बघू.

आधी थोडी वंशावळ

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत विकले जाणारे बरेचसे चांगले चाकू इंग्लंडमधल्या शेफिल्डहून यायचे, आणि पुढेपुढे जर्मनीतल्या झोलिंगेनहूनही. शेफिल्डचे कारागीर अमेरिकेत येऊन कनेक्टिकट आणि न्यूयॉर्क राज्यात स्थिरावले, पण आयात मालाशी टक्कर अवघड होती. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयातकर चांगलाच वाढवला आणि बाहेरच्या मालावर देशाचं नाव घालणं सक्तीचं केलं. संग्राहकाला याचे दोन फायदे. एक म्हणजे इथले कारखाने त्यानंतर तरारले. दुसरं म्हणजे पात्यावर 'इंग्लंड' किंवा 'जर्मनी' असं कोरलेलं असेल, तर तो चाकू साधारण १८९१ किंवा त्यानंतरचा, हे लगेच कळतं.

नकाशावर हा धंदा एका पट्ट्यात दिसतो. न्यूयॉर्क राज्यातलं वॉल्डन, एलेनव्हिल, पश्चिमेला लिटल व्हॅली आणि ओलियन, मग सीमा ओलांडून पेन्सिल्व्हेनियातलं ब्रॅडफर्ड आणि टायटसव्हिल. पश्चिमेकडचे अर्धे कारखाने तर एकाच गोतावळ्यातले. केस घराण्यातली थेरेसा चॅम्पलिनांकडे दिली, त्या चॅम्पलिनांची कॅटरॉगस कटलरी. केसांची आणखी एक मुलगी प्लॅट्सांच्या घरात गेली, त्या प्लॅट्सांनी पुढे कोलोरॅडोत बोल्डरला वेस्टर्न स्टेट्स कंपनी काढली. आपल्याकडे एखाद्या गावात सोनारांची सगळी घरं एकमेकांची सोयरी निघतात, त्यातलाच प्रकार.

पहिलं महायुद्ध संपलं आणि बंदुकांच्या मोठ्या कारखान्यांकडे यंत्रं रिकामी पडली. रेमिंग्टनने १९२० मध्ये कनेक्टिकटमधल्या ब्रिजपोर्टला चाकू सुरू केले आणि १९४० मध्ये बंद केले. विंचेस्टरने १९१९ मध्ये दोन चाकू कंपन्याच विकत घेतल्या आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत चाकू काढले. म्हणजे दोन्ही नावांचे अस्सल जुने चाकू वीस-बावीस वर्षांच्या चिमटीतले. मागणी मोठी, पुरवठा ठरलेला. नकला सगळ्यात जास्त इथेच.

नंतरची कहाणी उताराची आहे. कॅटरॉगस १९६३ मध्ये, एलेनव्हिलची इम्पीरियल श्रेड २००४ मध्ये, कॅमिलस २००७ मध्ये, टायटसव्हिलची क्वीन २०१८ मध्ये बंद पडली. केस मात्र अजून ब्रॅडफर्डमध्येच आहे. १९९३ पासून ती झिपो लायटरवाल्यांच्या मालकीची आहे.

पायरी पहिली: एक गल्ली निवडा

'जुने चाकू जमवतो' असं म्हणणाऱ्याकडे वर्षभरात चाळीस चाकू होतात आणि त्यातले पाच धड असतात. त्यापेक्षा एक कंपनी, एक गाव किंवा एक घाट धरा. घाट म्हणजे चाकूची ठेवण. तिला इथे पॅटर्न म्हणतात आणि प्रत्येकीला नाव आहे. बार्लो म्हणजे टोकाला लांबलचक लोखंडी टोपी असलेला, एकेकाळी शाळकरी पोरांच्या खिशातला स्वस्त चाकू. ट्रॅपरला दोन लांब पाती. पीनट शेंगदाण्याएवढा नसला तरी बोटभर. काँग्रेसची पाठ आत वळलेली.

स्टॉकमन मला सगळ्यात बोलका वाटतो. गुराख्याचा चाकू, तीन पाती. एक टोकदार, सगळ्या कामाचं. दुसरं सरळ धारेचं आणि बोथट नाकाचं, खूर तासताना किंवा दोर कापताना टोक रुतू नये म्हणून. तिसरं रुंद आणि गोलसर, वासरांच्या खच्चीकरणासाठी, आत काही भोसकलं जाऊ नये असं मुद्दाम घडवलेलं. जुन्या स्टॉकमनमध्ये पहिलं पातं झिजून सळई झालेलं असतं आणि तिसरं जवळजवळ कोरं. मालकाकडे गुरं किती होती, याचा अंदाज तिथेच येतो.

सुरुवातीला केस घ्या असं मी सुचवतो. हे चाकू सर्वोत्तम आहेत असं नाही, पण त्यांचं वर्ष काढता येतं.

पायरी दुसरी: शिक्का वाचा

पातं उघडा. मुठीत शिरण्याआधी पात्याच्या मुळाशी एक चपटा, धार नसलेला तुकडा असतो, त्याला टँग म्हणतात. कंपनीचा ठसा तिथे असतो. दहापट मोठं दाखवणारं, सोनार वापरतात तसलं भिंग घ्या. ही या छंदातली पहिली खरेदी, चाकूच्याही आधी.

केसचा ठसा असा वाचायचा. 'केस टेस्टेड एक्सएक्स' असेल तर साधारण १९२० ते १९४०. नुसतं 'केस एक्सएक्स' असेल तर १९४० ते १९६४ च्या आसपास. खाली 'यूएसए' आलं की १९६५ ते १९६९. आणि १९७० पासून गंमत सुरू होते. त्या वर्षी शिक्क्याखाली दहा ठिपके आले, आणि दरवर्षी एकेक कमी होत गेला. १९८० मधून ठिपके वजा करा, वर्ष मिळालं. सात ठिपके म्हणजे १९७३. १९८० मध्ये पुन्हा दहा ठिपके आले, पण 'एस' अक्षर विजेसारखं नागमोडी झालं. ते दिसलं तर १९९० मधून वजा करा. एक्सएक्स म्हणजे काय? पोलादाला नीट पाणी दिल्याची ती खूण, असं कंपनी सांगते.

दुसऱ्या बाजूला नमुन्याचा आकडा असतो. समजा ६२५४ आहे. पहिला आकडा मुठीचा: ६ म्हणजे हाड, ५ म्हणजे सांबरशिंग, ३ म्हणजे पिवळी कृत्रिम मूठ, ८ म्हणजे शिंपला. दुसरा आकडा पात्यांचा, म्हणजे इथे दोन. उरलेले ५४ म्हणजे ट्रॅपर. आता कोणी ६२५४ दाखवून 'ही शिंगाची मूठ आहे' म्हणाला, तर एक तर मूठ बदललेली आहे, नाही तर माणूस बनवतोय. रेमिंग्टनमध्ये उलटं आहे, तिथे मुठीचं साहित्य शेवटचा आकडा सांगतो. आर११२३ मधला ३ म्हणजे हाड.

'अँटिक' शब्दाला भुलू नका. अमेरिकी कस्टम्सच्या हिशेबात अँटिक म्हणजे शंभर वर्षांची वस्तू. त्या मापाने केस टेस्टेड आत्ता कुठे उंबरठ्यावर आलेत. चाकूवाले हा शब्द बराच सैल वापरतात, आणि विकणारे तर फारच.

पायरी तिसरी: मूठ

जुन्या मुठी बहुतेक गाईबैलांच्या नडगीच्या हाडाच्या. त्यावर यंत्राने खाचा पाडून शिंगासारखा खडबडीतपणा आणतात आणि मग रंगवतात. केसचा जुना हिरवट रंग, रोबसन कंपनीचा स्ट्रॉबेरी रंग, क्वीनच्या मुठींवरच्या लांबट रेघा. दहा-वीस चाकू हाताळले की लांबूनही ओळखू येतात. भिंगाखाली खऱ्या हाडात बारीक छिद्रं आणि काळसर टिंबं दिसतात. १९६० च्या दशकापासून हाडाच्या जागी डेलरिन नावाचं प्लास्टिक येऊ लागलं. ते एकसारखं, गुळगुळीत, छिद्रांशिवाय. तापलेली सुई टोचून बघणारे महाभाग असतात. दुसऱ्याच्या टेबलावर असं काही करू नका, स्वतःच्या तर नकोच.

सांबरशिंगाच्या मुठी सगळ्यात देखण्या, आणि त्यांचं नातं थेट आपल्याकडच्या जंगलाशी आहे. सांबराची शिंगं दरवर्षी गळतात. ती भारतातून गोणीगोणीने शेफिल्डला, झोलिंगेनला आणि अमेरिकेला जायची, कारण त्यांचा गाभा भरीव आणि साल खोल सुरकुत्यांची असते. १९९० च्या दशकाअखेर भारताने ही निर्यात बंद केली, आणि तेव्हापासून जुन्या शिंगमुठींचे भाव चढतेच आहेत. ब्रॅडफर्डच्या चाकूवर मेळघाटात शोभेल अशी मूठ बघताना मला दरवेळी जरा चमत्कारिक वाटतं.

सेल्युलॉइडबद्दल मात्र सावध. १९२०-३० च्या दशकांत रंगीबेरंगी मुठी याच्या करत: मोत्यासारख्या, पट्ट्यापट्ट्यांच्या, तडकलेल्या बर्फासारख्या. ओळखायला आपल्या नाकाइतकं सोपं साधन नाही. अंगठ्याने मूठ जोराने घासा आणि लगेच नाकाशी न्या. आरतीच्या ताटाचा वास येईल. सेल्युलॉइड मऊ राहावं म्हणून त्यात कापूरच घालत. पण हा पदार्थ म्हातारा झाला की कुजतो, आंबट-तिखट वाफ सोडतो आणि ती वाफ शेजारच्या पोलादाला खाते. माझ्या एका पत्र्याच्या डब्यात पाच चाकू होते, झाकण घट्ट. एका उन्हाळ्यानंतर उघडलं तर नाकात झणझणलं. अंबरी मुठीच्या एका सुंदर चाकूला हिरवट घाम फुटला होता आणि बाकी चौघांच्या पात्यांवर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले होते. तेव्हापासून सेल्युलॉइड वेगळं ठेवतो, उघड्या हवेत, आणि पेटत्या वस्तूपासून लांब. ते भसकन पेटतं.

पायरी चौथी: उघडा, मिटा, ऐका

इकडचे लोक याला 'वॉक अँड टॉक' म्हणतात, म्हणजे चाकूची चाल आणि बोलणं. या चाकूंना खटका नसतो, पातं फक्त पाठीच्या स्प्रिंगच्या दाबाने धरलेलं असतं. उघडताना शेवटी 'टक' असा स्वच्छ आवाज यायला हवा, मिटतानाही. आवाज मऊ आला तर स्प्रिंग थकलेली किंवा आत कचरा आहे. काही चाकू अर्ध्यावर, काटकोनात थांबतात. तो दोष नाही, तशी घडण आहे. पातं डावी-उजवीकडे हलवून बघा. किंचित हललं तर चालेल, खुळखुळलं तर नाही.

विचारल्याशिवाय कोणाचा चाकू उघडू नका आणि धारेवर बोट ठेवू नका. घामाने गंज चढतो, आणि जाणकार दुकानदार तेवढ्यावरूनच तुम्हाला नवखे समजतो. पातं अडकलं असेल तर तेलाचा एक थेंब आणि दोन दिवस धीर. पक्कड लावलीत तर पात्यावरची खाच तुटेल, नाही तर नख.

मग झीज. पात्याच्या मुळाशी, जिथे धारेचा दगड पोहोचत नाही, तिथली रुंदी ही कारखान्यातली मूळ रुंदी. तिथून टोकाकडे नजर फिरवा; पातं एकदम अरुंद झालं असेल तर पन्नास वर्षांची धार त्यात गेली. एक दशांशापर्यंत झीज म्हणजे उत्तम, चौथा हिस्सा गेला तर बरा, अर्धं पातं गेलं तर फक्त आठवण म्हणून घ्यायचा. एकदाही न वापरलेला, मूळ डब्यातला चाकू यांच्या कितीतरी पट महाग जातो. डबा रिकामा मिळाला तरी सोडू नका.

पायरी पाचवी: लबाडी कुठे असते

दोन मोडक्या चाकूंचा एक चांगला करणं, हा सगळ्यात जुना उद्योग. म्हणून सगळी पाती शेजारी शेजारी उघडून रंग जुळतो का बघा. एक राखाडी आणि एक चमकदार असेल तर प्रश्न विचारा. मुठीच्या खिळ्यांची डोकी बघा. ऐंशी वर्षांत ती मुठीशी एकजीव झालेली असतात. भोवती ताज्या घासल्याच्या रेषा असतील किंवा बारीक भेगा नव्या असतील तर मूठ उघडली गेली आहे. मूठ उजेडासमोर धरा. दोन धातूंच्या मधून उजेड दिसला तर सांधा हललेला आहे.

शिक्क्याभोवती पृष्ठभाग किंचित खोलगट वाटतो का? जुना ठसा घासून नवा मारला की तसं होतं. ठिपके घासून काढले की १९७० च्या दशकातला चाकू काही सेकंदांत १९६० च्या दशकात जातो. तिरप्या उजेडात धरून बघा, घासलेली जागा आपोआप दिसते.

रेमिंग्टनच्या मुठीवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराची छोटी धातूची पट्टी असेल, तर त्याला 'बुलेट' म्हणतात आणि त्यावर उड्या पडतात. पण १९८२ पासून कंपनीच्या नावाने याच घाटाच्या नव्या आवृत्त्या निघू लागल्या. त्या लबाडी नाहीत, राजरोस विकल्या जातात. लबाडी सुरू होते ती कोणी एखादी काढून अंगणात वर्षभर पुरते तेव्हा. विंचेस्टरच्याही अशा परवान्याने काढलेल्या आवृत्त्या आहेत. श्रेडचं तर नावच २००४ नंतर चिनी मालावर गेलं. 'श्रेड, वॉल्डन' असा ठसा वेगळा आणि दुकानात लटकलेलं नवं पाकीट वेगळं.

पायरी सहावी: खरेदी

रविवारचे फ्ली मार्केट, इस्टेट सेल, गावातली जुन्या वस्तूंची दुकानं, आणि चाकूंचे खास मेळावे. अटलांटाचा ब्लेड शो सगळ्यात मोठा, पण नवख्याने तिथे पहिल्या वर्षी फक्त बघायला जावं. टेनेसीतल्या सेव्हिअरव्हिलला चाकूंचं राष्ट्रीय संग्रहालय एका भल्यामोठ्या चाकू-दुकानातच आहे. दोन तासांत शंभर घाट डोळ्यांखालून जातात, फुकट.

इंटरनेटवर घेताना टँगचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो मागा, पाती उघडी आणि मिटलेली, आणि पाठीचा फोटो. विकणारा पाठीचा फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल तर मी तिथेच थांबतो. घासाघीस करताना दोष मोजून दाखवू नका; म्हातारा अमेरिकी विक्रेता नाराज होतो. "यात कमीत कमी किती होईल?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. सुरुवातीला वीस-तीस डॉलरच्या वर जाऊ नका. पहिले दहा चाकू ही फी आहे.

पायरी सातवी: साफसफाई, म्हणजे मुख्यतः हात आवरणं

जुन्या कार्बन पोलादावरची राखाडी-निळसर झाक म्हणजे मळ नाही. ती राहू द्या. लाल, सुटणारा गंज मात्र काढायचा: मिनरल ऑइलचा थेंब, एक रात्र, मग जुन्या बनियनच्या कापडाने चोळणं. आतला कचरा दातकोरणीने. पोलिश नाही, सँडपेपर नाही, आणि त्या चाकाचं तर नावही काढू नका.

चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका, चामड्यातल्या रसायनांनी पितळ हिरवं होतं. कापडी गुंडाळीत, सिलिका जेलची पुडी घालून, पाती मिटलेली. वर्षातून दोनदा उघडून तेलाचं बोट फिरवायचं.

कायदा आणि प्रवास

बटण दाबल्यावर पातं उसळणाऱ्या चाकूंवर अमेरिकेत १९५८ चा संघीय कायदा आहे आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे. ते समजल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका. विमानात कुठलाही चाकू हातातल्या बॅगेत चालत नाही. खिशात विसरलेले आजोबांचे चाकू विमानतळावर रोज जप्त होतात. सामानात टाका.

भारतात न्यायचा विचार असेल तर सांबरशिंग आणि हस्तिदंत इथेच राहू द्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हे प्रकरण अंगाशी येतं, आणि मूठ कधीची आहे हे कस्टम्सच्या खिडकीवर सिद्ध करत बसावं लागेल. हाडाची किंवा लाकडाची मूठ त्यामानाने बिनघोर. मात्र कोकणात किंवा मुंबईत ठेवणार असाल तर पावसाळ्यात दर पंधरवड्याला तेल.

प्रत्येक चाकूची एक चिठ्ठी करा: कुठे घेतला, केव्हा, कितीला, ठसा काय, काय बदललेलं वाटतं. विकणाऱ्याने सांगितलेली गोष्टही लिहा, पण वेगळ्या रंगात.

आणि कोणाला चाकू भेट द्यायचा असेल तर सोबत एक सेंटचं नाणं चिकटवून द्या. भेट दिलेला चाकू मैत्री कापतो अशी इकडची जुनी समजूत आहे. घेणाऱ्याने ते नाणं परत दिलं की व्यवहार विकत घेतल्यासारखा होतो. जुन्या डब्यात चाकूबरोबर एखादा काळपट सेंट सापडला तर फेकू नका. त्यावर वर्ष असतं.